गुरुवारचा क्लास

धंदा वाढवायला शिकवणारा तो क्लास लावावा का, असं मला हल्ली कोणी ना कोणी विचारत असतं. याला कारण माझा फोटो. क्लासच्या जाहिरातीत मी हाताची घडी घालून उभा आहे आणि असा काही हसतोय की घरच्यांनाही तो मी वाटत नाही. भोसरीचे, चाकणचे छोटे कारखानदार तो फोटो बघून फोन करतात. "खरं सांगा, फायदा होतो का?" मी खरं सांगायला तोंड उघडतो आणि पुढचं सुचत नाही. मग "तसा चांगला आहे" असं काहीतरी पुटपुटतो. नंतर स्वतःचाच राग येतो.

गाळा आम्हा दोघांचा होता. माझे भागीदार वयानं मोठे, मूळचे चाकणचे. मी त्यांना भाई म्हणतो. आधी आम्ही एकाच कंपनीत नोकरीला होतो. ती सोडून भोसरीत गाळा घेतला आणि गाड्यांच्या सीटखाली लागणारे पत्र्याचे ब्रॅकेट बनवायला लागलो. प्रेस आणि पत्र्याला आकार देणारे साचे, म्हणजे डाय, भाई बघायचे, कंपन्यांच्या गेटवर मी जायचो.

आमच्या भागात सुट्टी गुरुवारची. प्रेस बंद, कामगार नाहीत, रस्त्यावर ट्रकसुद्धा कमी. शहाणी माणसं त्या दिवशी घरी झोपतात. आम्ही दोघं मात्र गाळ्यावर जायचो. भाई डाय उघडून पुसत बसायचे, मी समोर पालथ्या क्रेटवर. टपरीवरून चहा यायचा. नवं मशीन घ्यायचं का, कुठल्या कंपनीचं काम नको म्हणायचं, कामगारांच्या दिवाळीचं काय, सगळं तिथंच ठरायचं. याला मीटिंग म्हणतात हे मला क्लासमध्ये कळलं. आणि ती फार चुकीच्या पद्धतीची मीटिंग आहे, हेही तिथंच कळलं.

क्लास चिंचवडच्या एका हॉटेलात भरायचा, तोही गुरुवारीच. सगळ्या मालकांची सुट्टी तीच, दुसरा दिवस आणणार कुठून? भाईंना म्हटलं, तुम्हीही चला. ते म्हणाले, "तू जाऊन ये. काय शिकवतात ते मला सांग." सांगायचं राहूनच गेलं. शुक्रवारी प्रेस सुरू झाले की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं.

सरांचं म्हणणं वाईट नव्हतं, हीच तर पंचाईत आहे. ते म्हणायचे, ज्याच्यावाचून गाळा एक दिवस चालत नाही तो मालक नव्हे, तो स्वतःच्याच गाळ्यातला नोकर. मला पटलं. आजही पटतं. मी भिंतीवर पांढरा फळा लावला, सकाळी उभ्या उभ्या मीटिंग घ्यायला लागलो. माल रिजेक्ट होऊन परत यायचं प्रमाण खरंच घटलं. पण त्याच सुमाराला भाईंनी डायचं पोलादही बदललं होतं. मग श्रेय फळ्याचं की पोलादाचं? सरांना विचारलं तर म्हणाले, प्रगतीवर शंका घेऊ नका. मी प्रयत्न केला. जमलं नाही.

मग परीक्षा आली. मालकानं फोन बंद करून आठवडाभर गायब व्हायचं, गाळा चालला तर पास. मी राजगुरुनगरला सासुरवाडीला जाऊन राहिलो. जावई एवढे दिवस हलत नाही म्हटल्यावर सासूबाईंनी बायकोला आत नेऊन बरीच चौकशी केली. परत आलो तर गाळा मजेत चाललेला, मालाची एकही गाडी खोळंबली नव्हती. क्लासमध्ये टाळ्या वाजल्या. तो फोटो तेव्हाचाच. टाळ्या वाजत होत्या आणि मला कळत नव्हतं, आपल्याला आनंद झालाय की वाईट वाटतंय. माझी गरज उरली नाही म्हणून या टाळ्या, की ती कधी नव्हतीच?

भाईंना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग मीपण बघतो जाऊन." ते लेकीकडे सोलापूरला गेले. गाळा तरीही चालला. ते आल्या आल्या मी म्हटलं, "भाई, तुम्हीही पास." त्यांनी माझ्याकडे न बघता डायवरून फडकं फिरवलं. "म्हणजे तुझ्याबिगर चालतंय, माझ्याबिगर बी चालतंय. मग आपण दोघं हितं कशाला बसलोय?"

मला वाटलं चेष्टा करतायत. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्यांनी चाकणला स्वतःचं डाय बनवायचं छोटं काम सुरू केलं. भांडण झालं नाही. झालं असतं तर बरं झालं असतं, निदान कारण तरी हाताला लागलं असतं. सर म्हणाले, भागीदारीतून असं गोडीनं बाहेर पडणं हे मोठ्या विचाराचं लक्षण आहे. मी मान डोलावली आणि घरी जाऊन जेवलो नाही.

धंदा वाढला, खोटं कशाला बोलू. शेजारचा गाळाही घेतला. माझा क्लास संपला, गुरुवार मोकळा झाला. मी पुन्हा गाळ्यावर जाऊन बसतो. टपरीवाला सवयीनं दोन चहा आणतो. त्याला मी काही सांगत नाही, दोन्ही पितो.

गेल्या गुरुवारी भाईंचा फोन आला. मला वाटलं, एखाद्या डायचं काम असेल.

"तुझा फोटो बघितला," ते म्हणाले. "तो क्लास लावावा म्हणतोय. फायदा होतो का रं?"

"तुम्हाला कशाला क्लास, भाई?"

"काम भरपूर हाय. पण कुठलं घ्यावं, कुठलं नको, इचारायला माणूस न्हाई. तिथं चार माणसं तरी बसत असतील."

मला म्हणायचं होतं, क्लास कशाला, इकडं या. क्रेट अजून तिथंच आहे, आणि आज गुरुवारच आहे. हे सगळं ओठांवर आलं होतं. पण दोन वर्षांत हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की तोंड आपलं आपण चालतं.

"तसा चांगला आहे," मी म्हणालो.

"बरं," भाई म्हणाले. "मग पुढच्या गुरुवारपासून जातो."