पाय ठेवायची जागा

कट्टा गावात अजून दव गळत होतं. जासिंत घरोघरी पाव वाटून आला, मोटरसायकलवरची टोपली उतरवली आणि दोन्ही बाजूंना नव्या पत्र्याच्या पेट्या बसवल्या. लग्नात बायकोला दिलेला शब्द होता, गाडीवरून वेलांकणीच्या सायबिणीच्या, देवमातेच्या दर्शनाला न्यायचा. उद्या निघायचं होतं. पुतण्या ॲल्स्टननं कापडी पिशव्या देऊ केल्या, तर हा म्हणाला, "पिशयो भिजतत. पेटयेक कुलूप आसा!"

बायको मारियान बसून बघायला आली आणि नेहमीसारखी साडी सावरत एका अंगानं बसायला गेली. पाय सोडायला जागाच नव्हती.

"दोनय बाजूंक पाय टाकून बस गो."

"साडी नेसून? तुझ्यो पेटयोच घेवन जा सायबिणीकडे. मी येनय नाय!"

ती घरात गेली. जासिंत चावी फिरवत उभा राहिला. मग गुपचूप पेट्या सोडल्या, ॲल्स्टनच्या पिशव्या आणल्या, भरून बांधल्या आणि तिला हाक मारली.

मारियान बसली. पिशवी दबली, पाय आरामात सुटले.

"मऊ आसा रे. काय भरलंस?"

"तुझ्यो साडयो."

"मेल्या, आणि त्यांच्यार माका पाय ठेवूक लावतंस?" पण ती उतरली नाही. जासिंतही पुढे बसला आणि दोघं दारातच गाडीवर बसून हसली.

मग संध्याकाळच्या पावाच्या फेरीसाठी जासिंतनं पिशव्या सोडल्या आणि टोपली पुन्हा बांधायला घेतली.