दुपारी दोनची नोंद

सुट्टीवर घरी आलो की मी आधी यादी करायचो. भेटायची माणसं, दुरुस्त करायच्या वस्तू, आईची औषधं. त्या उन्हाळ्यातली यादी सात कलमांची होती आणि चार दिवसांत संपली. सत्तरच्या दशकातली गोष्ट. मी मालवाहू जहाजावर सेकंड ऑफिसर होतो. बारा ते चार माझी वॉच, म्हणजे तेवढा वेळ जहाज माझ्या एकट्याच्या हाती. सोलापुरातही बारा वाजले की मला बसवत नसे. गल्ली दारं लावून झोपलेली असे. समुद्र कसा असतो, एवढं एकदा विचारून शेजारी गप्प झाले होते. त्यांच्याशी आणखी काय बोलायचं, ते मलाही सुचत नसे.

बोलायचं एकच होतं आणि ते कुणाला सांगता येत नव्हतं.

वॉचच्या कामांचीही माझ्याकडे यादी असे, अकरा कलमांची. चौथं कलम : क्षितिज, दोन्ही बाजू. महिन्यापूर्वी एका दुपारी मी ब्रिजच्या, म्हणजे जहाज चालवायच्या जागेच्या, मागच्या खोलीत नकाशावर जहाजाची जागा आखत होतो. पहाऱ्यावरच्या खलाशाला चहाला पाठवलं होतं. दोन वाजत आले होते. समुद्र सकाळपासून रिकामा, तेव्हा अकराही कलमांवर एकदम खुणा केल्या आणि लॉगबुकात लिहिलं, ‘क्षितिज मोकळे’. मग बाहेर आलो. आमच्या उजव्या अंगाला, अगदी खाली, मच्छीमारांची होडी होती. त्यांनीच ऐन वेळी वल्ही मारून ती बाजूला काढली होती. होडीतला म्हातारा डोक्याचं फडकं हातात घेऊन माझ्याकडे बघत ओरडत होता. इंजिनाच्या आवाजात मला एकही शब्द ऐकू आला नाही. होडी मागे पडली. नोंद तशीच राहिली. कॅप्टनला सांगितलं असतं तर माझी एकट्याची वॉच गेली असती, कदाचित नोकरीही.

दुपार घालवायला मी सायकलवर होटगीला जाऊ लागलो. माझे वडील, अण्णा, तिथं रेल्वेच्या सिग्नल केबिनमध्ये कामाला होते. गाडी गेली की शेवटच्या डब्यामागची पाटी बघायची आणि फोनवरून स्टेशन मास्तरांना सांगायचं, गाडी पुरी गेली. पाटी दिसली म्हणजे मागे एकही डबा सुटून राहिलेला नाही. त्याशिवाय मागची गाडी सोडत नसत.

एक दिवस मालगाडी आली. वावटळ उठली होती, केबिनच्या खिडकीतून धुळीशिवाय काही दिसेना.

“दिसली का रे पाटी?” अण्णांनी डोळे चोळत विचारलं.

“दिसली.”

“कुठल्या अंगाला व्हती?”

मी पुन्हा खिडकीबाहेर बघितलं, धूळच होती. अण्णांनी फोन उचलला. “साहेब, पाटी दिसली न्हाय.”

पलीकडून मास्तरांचा आवाज मलासुद्धा ऐकू आला. “अहो, असणारच की! मागं पॅसेंजर उभी हाय, लोकं माझ्या अंगावर येतील!”

“असंल साहेब. मी न्हाय बघितली.”

पुढच्या स्टेशनवर मालगाडी थांबवून बघेपर्यंत पॅसेंजर मागे उन्हात उभी राहिली. अखेर फोन आला, पाटी होती.

“होतीच की, अण्णा. लोकांना उगीच तापवलं.”

“व्हती, ते आता कळलं. तू मगाशीच कसं म्हणालास?”

“रोज असते म्हणून.”

अण्णांनी किटलीतला चहा कपात ओतला आणि हसले. “जहाजावर बी असंच करतोस व्हय रे? मग लई हुशार हाईस!”

मला हसता आलं नाही. त्यांना सांगावं असं फार वाटलं, पण ते मुलाच्या नोकरीवर खूश होते. चहा संपवला आणि परत निघालो. होटगी ते सोलापूर सपाट रस्ता, माणूस नाही.

जहाजावर हजर झालो त्याच दिवशी कॅप्टनच्या केबिनमध्ये जाऊन लॉगबुकातलं ते पान उघडलं. “सर, ही नोंद खोटी आहे. मी बाहेर न बघता लिहिली.” होडीचंही सांगितलं.

त्यांनी पान वाचलं, माझ्याकडे पाहिलं. “सेकंड, उद्यापासून तुमच्या वॉचला मी उभा राहीन. पुढचं मग बघू.”

ते रोज बाराला येत आणि चारपर्यंत माझ्या मागे उभे राहत. तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी खिशात हात घालून म्हणाले, “वॉच तुमची,” आणि जिना उतरून गेले.

मी यादी खिशातच ठेवली. खलाशी पहाऱ्यावर होता, तरी दोन्ही बाजूंना जाऊन स्वतः पाहिलं. उजवीकडे लांब एक शीड होतं. होकायंत्रावरून त्याची दिशा घेतली, थोड्या वेळाने पुन्हा, मग तिसऱ्यांदा. शीड मोठं होत होतं आणि दिशा तीच. म्हणजे दोघं एकाच जागी पोहोचणार. मी जहाज वळवलं, बरंच आधी. होडी दूरवरून निघून गेली. दुर्बिणीतून पाहिलं, होडीतले दोघे जाळं आवरत होते. त्यांच्यातल्या कुणी मान वर केली नाही.

मग आत जाऊन नोंद लिहिली.