कागद बघून पुकारा

ते आमच्या कोर्टाचे जुने पट्टेवाले. पुकारा करण्याआधी कमरेचा पट्टा दोन्ही हातांनी सारखा करत, घसा खाकरत आणि मग पक्षकाराचं नाव बापाच्या नावासकट, गावासकट सोडत. कोर्टाच्या व्हरांड्यात पेंगणारा माणूसही उठून बसे. हातात कागद नसे. कोणी दिलाच तर म्हणत, "कागद हरवतो. डोकं कुठं हरवतंय?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कचेरी त्यांच्या जिवावर चालते. मी तिथे नवखी कारकून होते. मला ते 'बाय' म्हणत.

एका सकाळी पोलादपूरकडच्या जमिनीच्या दाव्यात त्यांनी तीनदा पुकारा केला, तोही मेलेल्या माणसाच्या नावाने. दावा आता त्याचा मुलगा लढत होता. तो दाराशीच उभा होता. हळूच म्हणाला, "बा जाऊन सात वर्सं झाली. मी हाय." हसलं कोणी नाही. साहेबांनी मात्र बजावलं, पुन्हा असं झालं तर पुकाऱ्यावरून काढून रेकॉर्डला बसवीन. नाव चुकलं तर एखाद्याचा दावा एकतर्फी जायचा, त्यामुळे साहेबांचंही खोटं नव्हतं.

पट्टेवाले नावं विसरू लागले म्हणून चवदार तळ्याजवळच्या डॉक्टरांकडे मीच त्यांना नेलं. डॉक्टरांनी मनगटावरची नाडी बोटाखाली चाचपली, रक्तदाब घेतला.

"वयानं रक्तवाहिन्या ताठ झाल्यात. मऊ होत्या तोवर काळजाचा ठोका त्या झेलायच्या. आता धक्का थेट मेंदूतल्या बारीक वाहिन्यांपर्यंत जातो."

"गेलेली नावं परत येतील?" मी विचारलं.

"सगळी येतील असं नाही सांगत. उरलेली सांभाळू. रोज गोळी, मीठ कमी, विडी बंद, भरपूर चालणं. आणि पुकारा कागद बघून."

विडी सुटली. जेवणातला खारा सुका जवळा सोडताना त्यांनी घरात सुतक असल्यासारखा चेहरा केला, पण तोही सुटला. एस्टीतून दोन थांबे आधी उतरून चालत येऊ लागले. कागद तेवढा खिशातून बाहेर येईना. मी रोज मोठ्या अक्षरांत यादी लिहायचे, ते रोज घडी घालून ठेवायचे. मला राग यायचा.

महिन्याभराने एक नाव अर्ध्यावर अडकलं. त्यांनी कागद काढला, हात लांब धरून सगळ्यांदेखत वाचला आणि नेहमीच्या आवाजात पूर्ण नाव सोडलं. कुणीतरी छत्री सावरत धावत आलं.

आत येताना मला म्हणाले, "डोकं बी सरकारी नोकरच हाय, बाय. त्याला बी मदतनीस लागतो."

पुढची दोन वर्षं एकही पुकारा चुकला नाही. विसरणंही वाढलं नाही. निवृत्तीच्या दिवशी यादी माझ्या टेबलावर ठेवून म्हणाले, "उद्या माझ्यासाठी लिवू नको."

दुसऱ्या दिवशी नवा पट्टेवाला दाराशी येऊन उभा राहिला, तेव्हा मोठ्या अक्षरांतली यादी माझी लिहून झाली होती.