काटेकाकांचं पाणी

आमचे हे बावीस वर्षं वजनकाट्यावर आहेत. म्हणजे ट्रकच्या काट्यावर. जमिनीत बसवलेला लांबलचक लोखंडी पाट, त्यावर गाडी उभी करायची आणि शेजारच्या काचेच्या खोलीत बसून आकडा वाचायचा. आधी भरलेली गाडी, मग माल उतरवून रिकामी. दोन आकड्यांतला फरक म्हणजे माल. ड्रायव्हर लोक यांना काटेकाका म्हणतात. रागावले की मीही तेच म्हणते, म्हणजे दिवसातून चारदा तरी म्हणतेच.

लबाडी पकडण्यात यांचा हात धरणारं कुणी नाही. काही ड्रायव्हर गाडीखालच्या टाकीत पाणी भरून आणतात. भरल्या गाडीचं वजन झालं की वाटेत हळूच नळ सोडायचा आणि मग रिकामी गाडी काट्यावर आणायची. सांडलेलं पाणी मालाच्या वजनात धरलं जातं. हे खोलीतून बाहेर यायचे, चाकांमागची ओली माती बघायचे आणि म्हणायचे, "काय दादा, आज गाडीला फार घाम फुटलाय?" समोरचा खाली मान घालायचा.

एवढं सगळ्यांचं जोखणारा हा माणूस स्वतः मात्र कधी काट्यावर उभा राहिला नाही. खोलीतल्या दोन खुर्च्या मोडल्या, तेव्हा मालकानं यांच्यासाठी लोखंडी बाक करून दिला. घरी जिना चढताना हे मधल्या टप्प्यावर थांबून खिशातून फोन काढायचे, कुणाचा तरी आलाय असं दाखवायचे. फोन आलेला नसायचा. मीही दोन पायऱ्या खाली थांबून पिशवी या हातातून त्या हातात घ्यायचे. चोवीस वर्षांच्या संसारात आम्ही त्यावर एक अक्षर बोललो नाही.

मग लेकीचे पाय सुजायला लागले. एकोणीस वर्षांची पोर. आधी वाटलं, कॉलेजात उभं राहून सुजत असतील. तपासण्या झाल्या तेव्हा कळलं की तिची दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेलीत. आठवड्यातून तीन दिवस, चार-चार तास, सुया टोचून रक्त यंत्रातून फिरवून आणायचं. आणि पाणी? दिवसाला अर्धा लिटर. चहा, सूप, गोळी गिळायला लागणारा घोट, सगळं त्यातच. सकाळी ती एक बाटली भरून घ्यायची आणि रात्रीपर्यंत पुरवायची. कधी कधी बेसिनपाशी जाऊन नुसती चूळ भरायची, पाणी तोंडात खूप वेळ धरून ठेवायची आणि थुंकून टाकायची. मी स्वयंपाकघरातून बघायचे आणि नळ बंद करून टाकायचे, उगीच आवाज नको म्हणून.

मूत्रपिंड द्यायला सगळ्यांत आधी मी पुढे झाले. मला साखर आहे, मी पहिल्याच दिवशी बाद. यांचं सगळं जुळलं. रक्तगट जुळला, साखर नाही, रक्तदाब नाही. आम्ही दोघी हसायला लागलो, तर डॉक्टरांनी यांच्याकडे वरून खाली बघितलं. म्हणाले, "मूत्रपिंड उत्तम आहे. पण या वजनावर मी तुमच्या पोटाला सुरी लावणार नाही. लेकीला वाचवायच्या नादात तुम्ही जाल. पंच्याण्णवच्या आत या, तिथं सहा महिने टिकून दाखवा, मग बघू."

तिथल्या काट्यावर वजन करायला गेलो, तर तो दीडशेच्या पुढं दाखवेचना. नर्स बिचारी इकडं तिकडं बघायला लागली. हे उतरले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मला बोलावलं, ट्रकच्या पाटावर एकटे जाऊन उभे राहिले आणि मला काचेच्या खोलीतून आकडा वाचायला सांगितलं. तो काटा दहा-दहा किलोंनी सरकतो. त्यानं एकशे साठ दाखवलं. एवढ्या मोठ्या पाटावर मधोमध हा माणूस, आणि मागे एक ट्रक हॉर्न देतोय. मला रडू आलं. हे म्हणाले, "पासष्ट उतरवायचेत," जसं काही पोतीच उतरवायची होती.

चार महिने उपाशीतापाशी राहिले. सात किलो गेले, पाच परत आले. शेवटी डॉक्टरच म्हणाले की आता तेवढा धोका पत्करावाच लागेल, जठराचा मोठा भाग कापून काढू, मग अन्न मावणारच नाही. नातेवाईकांना कळलं, झालं! माझी मोठी जाऊ घरी येऊन म्हणाली, "तोंडाला कुलूप लावायचं सोडून पोट कशाला कापून घेतात भावोजी?" मी म्हटलं, "वहिनी, कुलूप आणलंच असेल तर आधी तुमच्या तोंडाला लावून बघा." त्या दिवसापासून तिचं येणं बंद आहे. बरंच झालं.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांना जो झगा दिला, त्याच्या नाड्या मागे पोचेनात. मी माझी ओढणी पाठीवर टाकली. आत नेताना यांनी माझा हात धरला आणि म्हणाले, "घाबरलोय गं." हा शब्द मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी आपलं म्हटलं, "चष्मा द्या इकडे, हरवाल."

नंतरचे दिवस मी विसरणार नाही. औषधाच्या बाटलीच्या टोपणाएवढा पेला, दर पंधरा मिनिटांनी एक घोट. जरा घाई झाली की छातीत कळ आणि उलटी. पहिल्या महिन्यात शेजारी पाव भाजल्याचा वास आला, तर हे खिडकी लावून भिंतीकडे तोंड करून बसले. मी विचारलं, "भूक लागलीय का?" म्हणाले, "भूक नाही लागत. आठवण येते." चौथ्या महिन्यात केस गळायला लागले. पोटावरची, दंडावरची कातडी लोंबायला लागली. पूर्वी उघड्या अंगानं घरभर फिरणारा माणूस दाराआड कपडे बदलायला लागला. मी म्हटलं, "अहो, मी काय परकी आहे?" तर म्हणाले, "मला स्वतःलाच परकं वाटतंय."

पण वजन उतरत होतं. एकशे चाळीस, एकशे अठ्ठावीस, एकशे सतरा. आहार सांगणाऱ्या बाईंनी बजावलं होतं, आठवड्यातून एकदाच वजन करा. ऐकतील तर ते काटेकाका कसले! घरात काटा आणला आणि सकाळ-संध्याकाळ त्यावर उभे. आणि सातव्या महिन्यात आकडा एकशे आठवर अडकला. तीन आठवडे हलला नाही. बाई म्हणाल्या, असं होतं, धीर धरा. त्याच आठवड्यात लेकीच्या हातातली, यंत्राला जोडायची शीर बंद पडली, ताप चढला, आठ दिवस ती दवाखान्यात होती. हे तिच्या उशाशी बसायचे आणि घरी येऊन काट्यावर चढायचे. कसला धीर धरतोय माणूस!

मग आकडा पुन्हा उतरायला लागला. एकशे सहा, एकशे चार, एकशे एक. मी मनातल्या मनात हात जोडले.

दीड महिन्यानं एका सकाळी हे कामावर कोसळले. खोलीतून बाहेर आले आणि पायच गेले. एका ड्रायव्हरनं झेललं आणि त्याच्याच ट्रकमधून दवाखान्यात आणलं. मी पोचले तेव्हा ओठांना भेगा पडलेल्या, डोळे खोल गेलेले. रक्ताचा अहवाल आला. डॉक्टरांनी तो दोनदा वाचला आणि विचारलं, "दिवसाला पाणी किती पिता?"

मी म्हटलं, "बाटली भरून कामावर नेतात की, रोज रिकामी परत येते."

"ओतून देतो," हे म्हणाले. "पाण्याचं वजन होतं ना. प्यायलो नाही की सकाळी काटा कमी दाखवतो."

म्हणजे सात आठवडे हेच चाललं होतं! ज्या माणसानं बावीस वर्षं लोकांच्या गाड्यांखालची ओल हेरली, त्यानं स्वतःच्याच अंगातलं पाणी सोडून देऊन काट्याला फसवलं. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. म्हणाले, "चरबी उतरलीच नाही, पाणी उतरलं. आणि पोरीला जे मूत्रपिंड द्यायचंय, तेच तुम्ही वाळवलंत. आता ते सुधारेल की नाही, तीन महिने सांगता यायचं नाही."

माझा तोल गेला. त्या खोलीत, नर्सच्या देखत मी बोलले. "कुंपणानंच शेत खाल्लं! अहो, आकडा कुणाला दाखवायचा होता? डॉक्टरांना? माझ्या पोरीला आकडा हवाय का?" यांच्या डोळ्यांतून पाणीही येत नव्हतं, तेवढंही उरलं नव्हतं अंगात.

लेकीला सांगायला मला दोन दिवस लागले. तिनं ऐकून घेतलं. हे घरी आले तेव्हा ती आपली अर्धा लिटरची बाटली घेऊन आली आणि यांच्यासमोर ठेवली.

"बाबा, हे माझं आजचं. मला स्वप्नं पडतात ती पाण्याचीच. कालच्या स्वप्नात मी नळाला तोंड लावून पीत होते. आणि तुम्ही ओतून दिलंत?"

"तुझ्यासाठीच गं," हे म्हणाले.

"माझ्यासाठी असेल तर प्या."

त्या दिवसापासून तिनं त्यांचं पाणी हातात घेतलं. हे तिला मास्तरीणबाई म्हणतात, ते काही खोटं नाही. दर पंधरा मिनिटांनी छोटा पेला भरून समोर. कामावर गेले की फोन. "घोट घ्या. मला ऐकू येऊ दे." स्वतः तहानलेली पोर बापासमोर बसून त्याला पाणी पाजायची आणि ते खाली उतरेपर्यंत बघत राहायची. हे गिळायचे तेव्हा तिचाही घसा हलायचा. मी एकदा म्हटलं, "दे इकडे, मी देते." तर म्हणाली, "नको आई, मला बघायला बरं वाटतं." मी आत जाऊन तोंडात पदर कोंबून रडले. घरातला काटा मी माळ्यावर टाकला आणि शिडी शेजाऱ्यांकडे ठेवून आले.

तीन महिन्यांनी अहवाल आला. मूत्रपिंड सावरलं होतं. वजन सावकाश, आपल्या गतीनं उतरत गेलं, चौऱ्याण्णववर आलं आणि तिथं सहा महिने टिकलं. मग तारीख मिळाली. दोघांना शेजारशेजारच्या खोल्यांत नेलं. मी मधल्या बाकावर बसले होते, एका हातात यांचा चष्मा आणि दुसऱ्या हातात तिचे कानातले. कुठल्या दाराकडे बघावं कळत नव्हतं, म्हणून फरशीकडे बघत बसले.

तिसऱ्या दिवशी यांना चाकाच्या खुर्चीत बसवून तिच्या खोलीच्या काचेपाशी आणलं. मी तोंडाला पट्टी बांधून आत होते. नर्सनं पाण्यानं भरलेला मोठा पेला तिच्या हातात दिला आणि म्हणाली, "आता भरपूर प्यायचं. नव्या मूत्रपिंडाला पाणी हवं असतं."

तिनं सवयीनं पेल्यावर बोट ठेवून अंदाज घेतला. दोन घोट प्यायली, थांबली आणि पेला माझ्याकडे दिला. "उरलेलं संध्याकाळला ठेव."

"अगं, सगळं तुझंच आहे," नर्स म्हणाली.

लेकीचा विश्वास बसेना. तिनं काचेकडे बघितलं. यांनी आपला टोपणाएवढा पेला वर करून दाखवला आणि मान हलवली. पी, पी. तेव्हा तिनं पेला परत घेतला, तोंडाला लावला आणि डोळे मिटून पीत राहिली. काचेपलीकडे यांचा घसा हलत होता.

पेला रिकामा झाला. तिनं तो माझ्यापुढे धरला आणि म्हणाली, "आई, अजून."