गटारापासून मोजलेला रस्ता

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही — बायकोजवळही नाही. तुम्हाला सांगतो, कारण तोच तो वाद ऐकून आता डोकं उठलंय.

आमच्या नात्यात लग्न कुणाचंही असो, पंगतीत विषय निघतोच — घर जास्त उंच कुठे बांधू देतात, धुळ्यात की जळगावात? धुळेकर सांगणार, आमच्याकडे एक मजला जास्त मिळतो. जळगावकर चिडणार. मग सगळे माझ्याकडे बघणार, कारण घरांचे नकाशे काढून मंजुरीला लावणं हा माझा धंदा. अहो, नियम दोन्हीकडे एकच आहे! मुख्य बघतात ती समोरच्या रस्त्याची रुंदी. गावाचं नाव नाही. दोन वाक्यांत वाद मिटेल. पण मी मठ्ठा पीत गप्प बसतो. का? — कारण ती अफवा माझीच.

अक्का, माझी थोरली बहीण, धुळ्यात असते. आई लवकर गेली, मला अक्कानेच वाढवलं. दाजी वारले तेव्हा ती म्हणाली, जळगावच्या आपल्या घरावर माझ्या खर्चाने एक मजला चढवते, तुझ्याजवळ राहते. सरळ मागणं होतं. आणि मला — कसं सांगू — ती नको होती. नळ का चालू, उशीर का झाला, भाजीत एवढं तेल कशाला... पन्नाशीत मला पुन्हा कुणाचा धाकटा व्हायचं नव्हतं. हे तिच्या तोंडावर सांगायची हिंमत होती का? छे.

म्हणून मी टेप काढली. रस्ता मोजायचा असतो या हद्दीपासून समोरच्या हद्दीपर्यंत. मी मोजला गटारापासून गटारापर्यंत. टेपचं एक टोक तिच्याच हातात दिलं — वाकून, अगदी नीट धरून होती ती. आकडा कमी भरला. मी मान हलवली, म्हणालो, जळगावात नाही बसत अक्का, धुळ्यात बसलं असतं. तिने लगेच मानलं. तेव्हापासून ती दिराच्या मुलाकडे मागच्या खोलीत राहते, आणि भेटेल त्याला सांगते — भाऊ तर तयार होता, जळगावचा नियमच आडवा आला.

गेल्या महिन्यात ती आली, तर आमच्या समोरच्या घरावर नवा मजला चढलेला. रस्ता तोच. मंजुरी रीतसर, नकाशा माझ्याच हातचा. ती वर बघत थांबली. वाटलं, सापडलो — आणि खरं सांगतो, थोडं बरंही वाटलं.

"त्यासना मजला तोडतीन का रे भाऊ?" ती म्हणाली. "ल्हानी पोरं शेतस त्यासना घरमा."

मी म्हणालो, बहुतेक नोटीस येईल.

ती बराच वेळ हळहळत होती. संध्याकाळी मी तिला धुळ्याच्या गाडीत बसवून आलो.