घासमावशी आणि रिकामे डबे

मी तोंडाची फटकळ आहे, आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. पाळणाघर चालवणाऱ्या बाईला गोड बोलता आलं पाहिजे म्हणतात. मला ते कधी जमलं नाही, तरी माझं पाळणाघर वर्षानुवर्षं भरलेलं असायचं. ते काही माझ्यामुळे नव्हे. ते घासमावशीमुळे.

हे नाव पोरांनी ठेवलेलं. ती आली तेव्हा पन्नाशीची होती, उंच आणि हाडापेरानं मजबूत. नवरा नव्हता, मूल नव्हतं. सहा भावंडांत थोरली, आई कामावर गेली की पाचही जणांना हिनेच भरवलेलं. ताटात एक शीत राहिलेलं तिला बघवायचं नाही. मी तिला ठेवलं होतं केर-फरशीला. तिसऱ्या दिवशी एक पोरगं डब्याला हात लावू देईना, मी पार मेटाकुटीला आले, तेव्हा ती म्हणाली, द्या इकडे. मागच्या खोलीत घेऊन गेली आणि चार मिनिटांत डबा चाटूनपुसून रिकामा. मी तिला तिथल्या तिथे बढती दिली.

मग रोज दुपारी न खाणारी पोरं एकेक करून मागच्या खोलीत जायची. संपलेल्या डब्याच्या झाकणावर मावशी कागदी चांदणी चिकटवायची. आयांचं तर विचारूच नका. संध्याकाळी दमूनभागून येणार, दारातच डबा उघडून बघणार, आणि आत काही नाही म्हटल्यावर असा काही चेहरा खुलणार की जणू पोराला बक्षीस मिळालं. तो चेहरा बघायला मावशी हात पुसत दाराशी रेंगाळायची. कुणी म्हणायचं, मावशी, तुमच्या हाताला काय चव आहे हो. मग ती दिवसभर खुशीत.

मागच्या खोलीत काय चालायचं ते मला माहीत होतं. हे आत्ताच सांगून टाकते, नाहीतर पुढे माझा धीर व्हायचा नाही.

ती पोराला मांड्यांत घट्ट धरायची. त्याचे दोन्ही हात मागे नेऊन एका हातानं पकडायची. दुसऱ्या हातानं नाक दाबायची. श्वास घ्यायला तोंड उघडलं की नाक सोडून चमचा आत. पोर आधी ओरडायचं, मग ठसकायचं, आणि काही दिवसांनी गप्प बसायचं. पहिल्याच आठवड्यात मी हे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. "जरा जपून हं मावशी," एवढं म्हणाले आणि दार ओढून घेतलं. रडणं ऐकू येईनासं झालं की मला बरं वाटायचं. इतकं बरं वाटायचं, की पुढे पुढे मी रडणं सुरू व्हायच्या आधीच दार ओढायला लागले.

ती दुष्ट होती असं समजू नका. समजलात तर मला सोपं जाईल, पण ते खरं नाही. त्याच पोरांना जेवणानंतर झोप यायची ती तिच्याच मांडीवर. कुणाला कुठलं पांघरूण लागतं, कोण अंगठा चोखतं, कुणाच्या पाठीवर थोपटायचं आणि कुणाच्या कपाळावर, सगळं तिला पाठ. ताप आलेल्या पोराला ती दिवसभर खांद्यावर घेऊन फिरायची. मी नाही कधी फिरले.

मग बबडी आली. तीन वर्षांची, कुरळ्या केसांची, जेमतेम मुठीएवढा चेहरा. आमच्याकडे तिचा डबा चार मिनिटांत संपायचा आणि घरी ती घास तोंडात घेईना. वाटीवर चमचा वाजला तरी उलटी करायची. वजन उतरत चाललं. तिची आई कुरिअरच्या ऑफिसात कामाला होती, आणि घरी सासू तिला धारेवर धरायची. परकी बाई भरवते तर पोर निमूट खाते, आणि तू आई असून तुला जमत नाही? नवराही तेच म्हणायला लागला. नोकरी सोड म्हणाला. एक दिवस ती माझ्या दारात रडली. तेव्हा मी काय म्हणाले माहीत आहे? म्हणाले, "तुमचंच काहीतरी चुकत असेल." जिभेला हाड नसतं ते असं. मावशी मागे उभी होती. तिनं प्रेमानं सांगितलं, तुम्ही फार लाड करता तिचे.

शेवटी मुलांच्या डॉक्टरांनी बबडीच्या आईला सांगितलं, जी बाई हिला भरवू शकते तिला घेऊन या, कशी भरवते ते बघू. आई बिचारी आशेनं आली आणि मावशीचे हात धरले. मावशी ठेवणीतले कपडे घालून, केस चापूनचोपून बांधून निघाली. डॉक्टरांना शिकवायला जायचं होतं ना. मीही सोबत गेले. जायचं नाही असं कुठल्या तोंडानं सांगणार?

दवाखान्यातल्या छोट्या खुर्चीवर बबडीला बसवलं. मावशी समोर बसली, वाटीत मऊ भात कालवला, चमचा उचलला. मावशीनं तिला हातसुद्धा लावला नव्हता. बबडीनं आपणहून दोन्ही हात पाठीमागे नेले, एकात एक अडकवले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं.

घास गेला. चावलाच नाही, नुसता गिळला. दुसरा, तिसरा. वाटी रिकामी झाली. आईच्या डोळ्यांतून आनंदानं पाणी वाहायला लागलं. मावशीनं वळून माझ्याकडे पाहिलं, झालं की नाही, अशा नजरेनं.

डॉक्टर म्हणाले, "हिचे हात मागे का गेले?"

"मी धरते ना ते," मावशी म्हणाली.

आणि तिनं सगळं सांगितलं. मांड्या, हात, नाक. स्वतःचं नाक दाबून दाखवलं. लपवण्यासारखं काही आहे हेच तिला ठाऊक नव्हतं. बोलता बोलता तिनं आईचा चेहरा पाहिला आणि तिचा आवाज खाली गेला. मग आई तिला जे नाही नाही ते बोलली ते मी इथे लिहीत नाही. मावशी मान खाली घालून ऐकत होती.

डॉक्टरांनी आईला शांत केलं आणि समजावून सांगितलं. जीव घाबरला की मेंदू त्या वेळी आसपास जे जे असेल ते सगळं एकत्र बांधून ठेवतो. चमच्याचा आवाज, भाताचा वास, वाटीचा रंग. दोष कुणाचा हे तो शोधत बसत नाही. सुखाची गोडी लागायला पुष्कळ वेळा चाखावं लागतं, भीतीला कधी कधी एकदाच पुरतं. आणि ती पुसून जात नाही, तिच्या शेजारी चांगले अनुभव रचत राहावे लागतात. पाळणाघरात ही खात नाही, लवकर सुटका व्हावी म्हणून गिळते. मावशीवर ते रागावले नाहीत. म्हणाले, रिकामा डबा दिसला की तुम्हाला शाबासकी मिळाली, तुमचा मेंदूही तेच शिकला. त्रास थांबणं हेसुद्धा मेंदूला बक्षीसच वाटतं. हे ते सगळ्यांना उद्देशून म्हणाले, पण मी जागच्या जागी आक्रसले.

मग त्यांनी विचारलं, हे तिथे आणखी कुणाला माहीत होतं का?

मावशीनं माझ्याकडे पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "बाई पुढच्या खोलीत असतात. त्यांना काय माहीत?"

एरवी मी कुणाचं ऐकून घेत नाही. त्या दिवशी मूग गिळून बसले. आई माझ्याजवळ आली, माझा हात हातात घेतला आणि म्हणाली, तुम्हालाही धक्का बसला असेल. मी मान डोलावली. मेल्याहून मेल्यासारखं होणं म्हणजे काय ते मला तेव्हा कळलं, पण मान मी डोलावलीच.

दुसऱ्या दिवशी मी मावशीला म्हटलं, आता येऊ नका. तिनं एवढंच विचारलं, बबडी खाईल ना आता? दुपारची पांघरुणं घड्या करून ठेवली आणि गेली.

बबडीला सुधारायला आठ महिने लागले. घरातले चमचे दूर ठेवले, खेळण्यांत खायचं मांडून ठेवायचं, कुणी भरवायचं नाही, बघत बसायचं नाही. एक दिवस भिंतीकडे तोंड करून तिनं अर्धं केळं खाल्लं, तेव्हा आईनं मला मुद्दाम फोन केला. मी खूप छान म्हणाले आणि पटकन फोन ठेवला.

परवा बबडीची आई आली. कडेवर दुसरं बाळ, पाच महिन्यांचं. सासू आता काही बोलत नाही म्हणाली. मग म्हणाली, "हिलाही तुमच्याकडेच ठेवणार. सगळ्यांना सांगते मी, त्या बाईनं केलं ते केलं, पण तुमच्या कानावर काहीच नव्हतं."

बाळ माझ्याकडे बघून हसत होतं. मी त्याला घ्यायला हात पुढे केले होते, ते मागे घेतले.

"मला माहीत होतं," मी म्हणाले. "पहिल्या आठवड्यापासून."

ती ओरडेल म्हणून मी वाट बघत होते, तशी तिनं ओरडायला हवंही होतं. तिनं बाळाला दुसऱ्या कडेवर घेतलं आणि शांतपणे म्हणाली, "मी त्यांना नाही नाही ते बोलले. सगळं एकट्या त्यांनाच. मला त्यांचा पत्ता द्या."

मी कपाट उघडलं, कागद खालीवर केले. मिळाला तो मावशीच्या भाच्याचा जुना नंबर, तो आता लागत नाही. अकरा वर्षं ती रोज सकाळी माझ्याआधी दारात उभी असायची, आणि ती राहते कुठे हे मी तिला कधी विचारलंच नव्हतं.