शिवगंगाबाईंचं काळं तिखट

तुळजापुरात शिवगंगाबाईंचं काळं तिखट ठाऊक नाही असा खानावळवाला विरळाच. नवरा गेल्यावर या बाईनं चुलीपुढं बसून पोराला वाढवलं, त्याचं लग्न लावून दिलं, ते सगळं या तिखटाच्या जिवावर. बाई कष्टाळू, हाताच्या स्वच्छ. पण कुणावर विश्वास टाकतील तर शपथ. भाजीवालीच्या तराजूवर नाही, देवळाबाहेर चपला सांभाळणाऱ्यावर नाही, आणि सुनेवर तर मुळीच नाही.

तिखटाची सगळी करामत भाजण्यात असते. कच्चा धना हुंगून बघा, हिरवट वास येतो, गवताचा. तोच तापल्या कढईत परतला की आतलं पाणी उडतं, तेल वर येतं, त्यातली साखर आणि प्रथिनं एकमेकांना धरतात आणि असा खमंग वास उठतो की जो मुळात त्या धन्यात नव्हताच. दगडफूल तर तापेपर्यंत मुकं. आणि एकदा भाजलेलं काही केल्या पुन्हा कच्चं होत नाही. कमी भाजलं तर कच्चट, जास्त झालं तर कडू. मधली ती घटका शिवगंगाबाई नाकानं पकडायच्या. डोळे मिटून बसायच्या आणि एकदम म्हणायच्या, "उतरव!"

मागच्या पावसाळ्यात त्यांना ताप आला. आठवडाभर नाक चोंदलं, मग बऱ्या झाल्या. पण त्यानंतर घरात काहीतरी काळंबेरं चाललंय, असं त्यांच्या मनानं घेतलं.

आधी लॉजवाला शिवशंकर म्हणाला, "काकू, या खेपंचं तिखट जरा कच्चट लागतंय." बाईंचा पारा चढला. धोंडीबा वाण्यानं जुना धना गळ्यात मारला म्हणून त्यांनी त्याच्या दुकानाची पायरी सोडली. पुढच्या खेपेला तोच शिवशंकर म्हणाला, "आता कसं! पयल्यासारखं झालं." दुसरी बाई खूश झाली असती. शिवगंगाबाईंना हेही खटकलं.

त्यांचा नेम असा होता, की सोमवारी माल भाजायचा, मंगळवारी देवीला जायचं आणि बुधवारी तो डंकावर कुटायला न्यायचा. एका बुधवारी परातीवरचं फडकं उचललं तर धना त्यांनी ठेवला होता त्याहून काळसर. दुसऱ्या खेपेला मंगळवारी दुपारी देवळातून आल्या, तर मागच्या पडवीतली कढई कोमट. झालं! संशयाचं भूत मानगुटीवर बसलं. आपण घराबाहेर पडलो की सून चांगला माल काढून घेते, त्यात हलका माल भरते, आणि आपला माल परंड्याला तिच्या माहेरी पोचतो, असा त्यांनी हिशोब जुळवला.

समोरच्या चन्नम्मानं आगीत तेल ओतलं. "कानामागून आली नि तिखट झाली बघा तुमची सून!"

तेव्हापासून बाई सुनेला, राजेश्वरीला, पाण्यात पाहू लागल्या. डब्यांना दोरा बांधून ठेवायच्या. तिचा स्वयंपाकही त्यांना सोसेना. आमटीचा एक घास घेतला की ताट सरकवायच्या. "पाणी बरं याच्यापरीस. हाताला चवच न्हाय पोरीच्या." मुलगा बसवेश तीच आमटी वाटीनं ओरपायचा, तेव्हा तोही बायकोचा गुलाम ठरला. राजेश्वरी काही बोलायची नाही, आणि न बोलणारं माणूस तर बाईंच्या लेखी पक्कं चोर.

अशात एका पुजाऱ्याच्या घरच्या लग्नाचं तिखट त्यांच्याकडं आलं. अख्खं गाव जेवणार. हे फसलं तर जन्मभराचं नाव मातीत जाणार. बाईंनी ठरवलं, आता चोर मुद्देमालासकट धरायचा.

मंगळवारी त्या परडी घेऊन निघाल्या आणि गल्लीच्या वळणावरूनच माघारी फिरल्या. मागच्या दारानं पडवीत आल्या. चुलीवर कढई, कढईत खोबरं, शेजारी परात उघडी. आणि सून नाही! अवचित नळाला पाणी आलं म्हणून ती घागर घेऊन पुढच्या दारी धावली होती. बाईंना बरंच झालं. चुलीकडं पाठ करून त्या फळीवरचे डबे उचकू लागल्या. कुठंतरी बांधून ठेवलेलं गाठोडं असणारच. एक डबा, दुसरा डबा, पोत्यामागं, माठाखाली.

तेवढ्यात रस्त्यापलीकडून चन्नम्मा ओरडली, "अगं राजेश्वरी, काय करपलं गं? गल्लीभर वास सुटलाय!"

बाईंनी वळून पाहिलं. कढईतून धूर उठत होता. खोबऱ्याचा कोळसा झाला होता, त्यांच्यापासून दोन हातांवर.

राजेश्वरी धावत आली, पदरानं कढई उतरवली आणि सासूला बघून जागीच थिजली.

"माझा माल चोरतीस?" बाई गरजल्या.

"चोरत न्हाय आत्या. कच्चा ऱ्हातो तो. म्या परत भाजती."

"माझ्या हातचा माल कच्चा?"

"आत्या," राजेश्वरी हळूच म्हणाली, "तुमी हितंच हुता. करपल्याचा वास आला न्हाय तुमाला?"

"माझ्या नाकाला काय झालंय? मिरच्या भाजताना ठसका लागतो की मला! डोळ्याला पाणी येतं!"

"ठसका घशाला लागतो, आत्या. त्याला वास कळावा लागत न्हाय."

बाईंनी रागारागानं पोत्यातला कच्चा धना मुठीत घेऊन हुंगला. मग परातीतला भाजलेला हुंगला. मग हिंगाची डबी उघडून तिच्यात नाक खुपसलं. काही नाही. कशालाच काही नाही. डबी हातात तशीच धरून त्यांनी सुनेकडं पाहिलं.

"कवापासनं ठावं हाय तुला?"

"त्या तापापासनं."

"मग सांगितलं का न्हाईस?"

"सून चूल बळकावाया निघाली, असं म्हणला असता तुमी."

म्हणाल्याच असत्या. ते त्यांनाही कळत होतं.

संध्याकाळी नवं खोबरं आणलं. उलथणं बाईंच्याच हातात होतं, राजेश्वरी शेजारी बसली होती. चूल मांडल्यापासून कुणाला न विचारलेला प्रश्न बाईंनी विचारला, "उतरवू का गं?"

"थोडं थांबा, आत्या." मग जरा वेळानं, "हां, आता."

रात्री ताट वाढलं. बसवेश नेहमीसारखी आमटी ओरपत होता. बाईंनी एक घास घेतला. तोंडात गरम, खारट, तिखट पाणी. आज त्यांनी ताट सरकवलं नाही. मुकाट्यानं सगळं खाल्लं, वाटी पुसून घेतली आणि मान वर न करता विचारलं,

"राजेश्वरी, तुझ्या आमटीला चव हुती व्हय गं?"